अदृश्य कटाचा शोध

१

कथा सांगणाऱ्याने सांगावी आणि ऐकणाऱ्याने ऐकावी, हा व्यवहार फार जुना आहे. आणि ऐकणाऱ्याची एक खोडही त्याच्याइतकीच जुनी आहे. सांगितले तेवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. अमुक पात्र इतके गोड का बोलले, तमुक पत्र वेळेवर का पोहोचले नाही, ज्याचा काही संबंध नव्हता तो माणूस त्या रात्री नेमका तेथे कसा आला, असे प्रश्न तो मनाशी घोळवीत राहतो आणि हळूहळू छापील कथेच्या पाठीमागे दुसरी एक न छापलेली कथा उभी करतो. या दुसऱ्या कथेत बहुधा एखादा कट असतो, त्या कटाचा कोणी अदृश्य सूत्रधार असतो आणि सरळ दिसणाऱ्या पात्रांचे हेतू तेथे निराळेच निघतात. वाचकांच्या अशा रचनांना प्रस्तुत लेखात ‘उपपत्ती’ म्हटले आहे.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. परंतु दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवरून त्यांचे हेतू ताडण्यात ज्यांचे दिवस जातात, त्या वाचकवर्गाला तरी तो अगदीच परका वाटू नये. एखाद्या टिपणीत एक वाक्य गाळलेले दिसते, एखादा शेरा नेहमीपेक्षा लांब होतो, एखादी फाईल कारण नसता दोन आठवडे पडून राहते. आणि अनुभवी अधिकाऱ्याच्या मनात उपपत्ती तयार होऊ लागते. कादंबरीच्या वाचकाची रीत हीच आहे. ती कोठे शोभते आणि कोठे घातक ठरते, हे या उद्योगाच्या इतिहासावरून पाहता येते.

२

या इतिहासाचा आरंभ महानगरात होतो. खेड्यात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. तेथे गुपिते असली तरी ती सर्वांना ठाऊक असलेली गुपिते असतात. एकोणिसाव्या शतकातील पॅरिस आणि लंडन ही मात्र अशी शहरे होती की, शेजारच्या गल्लीत काय चालते याचा सभ्य गृहस्थाला पत्ता नसे. या अज्ञानावरच एक नवा कादंबरीप्रकार उभा राहिला. यूझेन स्यू याची ‘पॅरिसची रहस्ये’ ही कादंबरी १८४२ ते १८४३ या काळात ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकातून क्रमशः आली. तिचा नायक एक जर्मन राजपुरुष असून तो वेष पालटून पॅरिसच्या गुन्हेगारी वस्तीत वावरतो. दृश्य शहराखाली दुसरे शहर आहे आणि ज्याला आपण मजूर समजतो तो कदाचित राजा असेल, हे या कादंबरीचे मुख्य आकर्षण होते. कथा चालू असतानाच वाचकांनी स्यूला पत्रे लिहून पात्रांच्या भवितव्याविषयी विनंत्या आणि सूचना केल्या. अपुऱ्या कथेत वाचकाने हात घालण्याचा हा पहिला मोठा प्रसंग.

त्याचे अनुकरण करून जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याने १८४४ पासून ‘लंडनची रहस्ये’ आठवड्याच्या स्वस्त अंकांतून प्रसिद्ध केली. रेनॉल्ड्स हे नाव मराठी वाङ्मयालाही अपरिचित नाही. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रातून येऊ लागली, तेव्हा तिला रेनॉल्ड्सच्याच जुन्या लंडनवरील एका कादंबरीचा आधार होता. मराठी सामाजिक कादंबरीच्या पायात अशा रीतीने लंडनच्या रहस्यकथेचा एक दगड बसलेला आहे.

क्रमशः प्रसिद्धी आणि रहस्यमय शहर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की उपपत्तीला योग्य भूमी तयार होते. पुढचा भाग येईपर्यंतचा वेळ वाचकाला मोकळा मिळतो, आणि शहरच असे असते की त्यात काहीही दडलेले असू शकेल.

३

पण पुढचा भाग कधीच आला नाही तर? चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला, त्या वेळी ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ ही त्याची कादंबरी अर्धीच लिहून झाली होती. तिचे मासिक हप्ते बारा व्हावयाचे होते. सहांचा मजकूर तयार होता. लंडनमधील अफूच्या अड्ड्यात कथा सुरू होते. जॉन जॅस्पर हा देवालयातील गायकवृंदाचा प्रमुख, वरून प्रतिष्ठित आणि आतून अफूच्या आहारी गेलेला. आपला पुतण्या एडविन याच्या वाग्दत्त वधूवर त्याचे मन जडलेले आहे. नाताळच्या आदल्या रात्री एडविन नाहीसा होतो. तो विवाह दोघांनी आपखुशीने मोडला होता, हे नंतर कळताच जॅस्पर मूर्च्छित होऊन पडतो. पुढे पांढऱ्या केसांचा आणि काळ्या भुवयांचा डॅचरी नावाचा एक उपरा गावात येऊन राहतो, जॅस्परवर पाळत ठेवतो आणि कपाटाच्या दारावर खडूने रेघा ओढतो. येथे लेखणी थांबते.

एडविन मेला की जिवंत आहे? आणि डॅचरी कोण? या दोन प्रश्नांवर इंग्रजी वाचकांनी पुढील कित्येक दशके खर्च केली. ज्योतिःशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर याने १८८७ साली एडविनच वेष पालटून परत आला आहे, असे प्रतिपादन केले. १९०५ साली कमिंग वॉल्टर्स याने डॅचरी म्हणजे पुरुषवेष घेतलेली हेलेना लँडलेस, अशी उपपत्ती मांडली. त्याच वर्षी अँड्रयू लँग या विद्वानाने एडविन वाचला असावा या बाजूने पुस्तक लिहिले. ७ जानेवारी १९१४ रोजी तर लंडनमध्ये जॉन जॅस्परवर खुनाचा खटलाच चालविण्यात आला. न्यायाधीशाच्या आसनावर जी. के. चेस्टर्टन होता आणि पंचांचा प्रमुख होता बर्नार्ड शॉ. शॉने खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निवाडा जाहीर केला, तेव्हा चेस्टर्टनने स्वतःला वगळून उपस्थित सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला.

या विनोदाखाली एक गंभीर गोष्ट होती. डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने, चुलत्याने पुतण्याचा खून केला हेच कथेचे सूत्र असल्याचे लिहून ठेवले होते. जॅस्परच्या गळ्याभोवती दुहेरी वेढ्याचा रुमाल का हवा, याचे कारण डिकन्सने आपल्याला सांगितले होते, अशी साक्ष चित्रकार ल्यूक फिल्ड्स यानेही पुढे दिली: तो गळा आवळण्यासाठी होता. अशी साक्ष हाती असूनही तर्क थांबले नाहीत, कारण वाचकांना डिकन्स याहून अधिक चतुर असावा असे वाटत होते. इतक्या थोर कथाकाराने इतके सरळ उत्तर का द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. लेखकावरील अविश्वासातून तो निघाला नव्हता. विश्वास अतोनात असल्यामुळे निघाला होता. उपपत्तीचे मूळ येथे स्पष्ट दिसते. संशय पात्रांवर असतो आणि श्रद्धा कर्त्यावर.

४

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. आर्थर कॉनन डॉइल याने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ साली परत आणले. होम्सच्या कथा त्याने भराभर लिहिल्या, आणि मागील तपशिलाची फिकीर त्याला नसे. डॉक्टर वॉटसन मुंबई बंदरात उतरून अफगाण युद्धावर गेला आणि मैवंदच्या लढाईत जखमी झाला. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत ती गोळी त्याच्या खांद्याला लागते. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत जखम पायाला असते. त्याचे नाव जॉन. पण एका कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणते.

सामान्य वाचक हे लेखकाचे अनवधान समजून पुढे जाईल. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स या तरुणाने एक निबंध वाचला आणि अशा विसंगतींना पुराव्याची प्रतिष्ठा दिली. बायबलच्या संहितेची चिरफाड करणाऱ्या जर्मन पंडितांची ती थट्टा होती. त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच गांभीर्याने, होम्सच्या पुनरागमनानंतरच्या कथा वॉटसनने मागाहून रचल्या असाव्यात असे त्याने सिद्ध करून दाखविले. स्वतः डॉइलने त्याला पत्र लिहिले. आपल्या लेखनावर कोणी इतके परिश्रम घ्यावेत, याची त्याला मौज वाटली आणि अचंबाही. पुढे डोरोथी सेयर्स या लेखिकेने वॉटसनच्या नावातील मधले अक्षर ‘हेमिश’चे असून जेम्स हे त्याचेच इंग्रजी रूप आहे, असा तोडगा काढला. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये या छंदाची मंडळीच स्थापन झाली, आणि १९४१ साली रेक्स स्टाउट याने तिच्यापुढे वॉटसन ही मुळात स्त्री होती, असा सिद्धान्त मांडून धमाल उडवून दिली.

ड्रूडचे अभ्यासक खऱ्या उत्तराच्या शोधात होते. होम्सच्या भक्तांना उत्तर नाही हे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांचा खेळ निरागस राहिला. अत्यंत गंभीर मुद्रेने खेळावयाचे, पण हा खेळ आहे हे विसरावयाचे नाही, असा त्यांचा अलिखित नियम होता.

५

विसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही परंपरा एकत्र आल्या. आधुनिक शहरात गुप्तपणे नांदणाऱ्या मांत्रिकांच्या, यक्षिणींच्या आणि रक्तपिपासू योनींच्या कथांचा एक प्रकार इंग्रजीत रूढ झाला. त्याला नागरी अद्भुतकथा म्हणता येईल. तिच्या मुळाशी स्यूचे आणि रेनॉल्ड्सचेच तत्त्व आहे. रस्ते, बसगाड्या, पोलीसठाणी, सारे आपल्या ओळखीचे; पण त्याखाली दुसरा एक कारभार चालू आहे आणि त्याची दप्तरे, तह, मानपान आणि शत्रुत्वे स्वतंत्र आहेत.

या प्रकारातील सर्वांत अधिक उपपत्ती ज्यांच्याभोवती जमल्या त्या मालिकांपैकी एक म्हणजे अमेरिकन कादंबरीकार जिम बुचर याची ‘द ड्रेस्डेन फाइल्स’. तिचा नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागो शहरात उघडपणे मांत्रिकाचा धंदा करणारा खासगी गुप्तहेर आहे. ‘स्टॉर्म फ्रंट’ ही पहिली कादंबरी २००० साली निघाली आणि २०२० पर्यंत सतरा कादंबऱ्या झाल्या. सुमारे वीस प्रकरणकथा आणि शेवटी तीन कादंबऱ्यांचा महाप्रलय, असा आपला संकल्प असल्याचे लेखकाने सांगितले आहे. म्हणजे डिकन्सची पूर्वयोजना येथे आहे, होम्सप्रमाणे वर्षानुवर्षे चालणारी मालिकाही आहे, आणि लेखक जिवंत असल्यामुळे प्रत्येक तर्काला केव्हातरी निकाल लागण्याची आशा आहे.

आरंभीच्या कादंबऱ्या स्वतंत्र वाटतात. पहिलीत एक हौशी मांत्रिक अनाकलनीय सामर्थ्य मिळवून खून करतो; २००१ च्या ‘फूल मून’मध्ये काही सरकारी तपास अधिकाऱ्यांच्या हाती माणसाला लांडगा करणारे पट्टे पडतात. प्रकरण मिटते, अपराधी मरतात आणि वाचक पुस्तक ठेवून देतो. पुढे काही वर्षांनी नायकच मागे वळून विचारतो: त्या हौशी माणसाला ती विद्या शिकविली कोणी? ते पट्टे आले कोठून? या साऱ्यामागे एखादे गुप्त मंडळ असावे, असे म्हणून तो त्याला ‘ब्लॅक कौन्सिल’, म्हणजे कृष्णसभा, असे नाव देतो. येथे लेखकाने आपल्या नायकालाच उपपत्तीकार केले. मग वाचक मागे कसे राहतील? त्यांनी सर्व पुस्तके पुन्हा उघडली, आणि प्रत्येक सुटलेला धागा त्या अदृश्य सभेच्या हातात नेऊन बांधला. २००५ च्या ‘डेड बीट’मधील काऊल हा बुरख्याआडचा मांत्रिक कोण, यावरच निरनिराळी मते झाली. तो नायकाचा मेलेला गुरू आहे, इतकेच काय, भविष्यातून आलेला स्वतः नायकच आहे, येथपर्यंत तर्क गेले. लेखकाने व्याख्यानांत आणि प्रश्नोत्तरांत दिलेली उत्तरेही वाचकांनी टिपून ठेवली, आणि सरकारी परिपत्रकासारखा त्यांचा शब्दन् शब्द तपासला.

यातील दोन उलगडे विशेष विचार करण्याजोगे आहेत.

पहिला २००९ च्या ‘टर्न कोट’ या कादंबरीतील. मांत्रिकांच्या श्वेतसभेच्या एका ज्येष्ठ सभासदाचा खून होतो आणि मॉर्गन या कठोर, एकनिष्ठ रक्षकावर त्याचा आळ येतो. सभेत फितूर कोणी आहे, ही कुणकुण मागील कादंबऱ्यांतच लागलेली असते. अशा वेळी दृष्टी वर जाते: सभापती, ज्येष्ठ मंडळी, ज्यांचे डोळे गूढ आणि बोलणे तुटक असे मोठे लोक. प्रत्यक्षात फितूर निघतो तो सभेचा चिटणीस पीबॉडी. सह्यांसाठी कागदांचे गठ्ठे घेऊन फिरणारा, नियमांवर बोट ठेवणारा, सर्वांना किंचित कंटाळवाणा वाटणारा गृहस्थ. त्याने शाईतच अशी द्रव्ये मिसळलेली असतात की, कागदांवर सही करता करता थोरामोठ्यांची मने हळूहळू बाहेरच्या प्रभावाला मोकळी होत जातात. ज्याच्या हातून प्रत्येक कागद जातो त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते, ही गोष्ट कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकाला कोणी समजावून सांगावयास नको. हा उलगडा योग्य वाटतो याचे कारण तो मागे जाऊन तपासता येतो. कागद, सह्या आणि शाई कथेत उघड्यावरच होती.

दुसरा उलगडा हेतूंचा आहे. शीतप्रदेशाची सम्राज्ञी मॅब ही पहिल्यापासून क्रूर, कपटी आणि करार करून माणसाला अडकविणारी म्हणून येते. तिच्या प्रत्येक कृतीमागे वाचकांनी दुष्ट डाव पाहिला. २०१२ च्या ‘कोल्ड डेज’मध्ये कळते की, विश्वाच्या सीमेवर एक तट आहे, तटापलीकडून बाह्य शक्ती सतत चाल करून येतात, आणि तो तट युगानुयुगे शीतप्रदेशाचे सैन्य लढवीत आहे. मॅब याने प्रेमळ ठरत नाही. तिची क्रूरता तशीच राहते. पण ती कशासाठी होती, हे वाचकाला प्रथमच दिसते. इतकी वर्षे तिचे वर्तन पाहून जो निष्कर्ष काढला होता, त्यात वर्तनाचे वाचन बरोबर होते आणि हेतूचे चुकले होते.

जे. के. रोलिंग हिच्या हॅरी पॉटरच्या मालिकेतही हाच प्रसंग अधिक मोठ्या वाचकसमूहापुढे घडला. २००५ च्या सहाव्या पुस्तकात स्नेप या शिक्षकाने आपल्या वृद्ध प्रमुखाला ठार मारले. तो विश्वासघातकी की अखेरपर्यंत एकनिष्ठ, यावर जगभरातील वाचकांत दोन वर्षे दोन पक्ष पडले. २००७ च्या अखेरच्या पुस्तकाने निवाडा दिला: मारणे हेच त्या वृद्धाने त्याच्यावर सोपविलेले कर्तव्य होते. कृती एकच, दोन्ही पक्षांसमोर पुरावाही तोच. ज्यांनी त्याला एकनिष्ठ मानले त्यांच्यापाशी अधिक माहिती नव्हती. लेखिकेने त्याची मागील कृत्ये उगाच लिहिलेली नाहीत, एवढीच त्यांची धारणा होती.

परंतु ‘कोल्ड डेज’मध्येच एक धोकाही लपलेला आहे. त्या कादंबरीत नेमेसिस नावाची एक अदृश्य बाधा प्रकट होते. ती ज्याला जडते त्याचा स्वभाव आतून बदलतो, आणि वरून ते ओळखता येत नाही. कथेच्या दृष्टीने ही कल्पना उत्तम आहे, पण उपपत्तीकाराला ती मदिरेसारखी चढते. आता मागील कोणत्याही पुस्तकात कोणी थोडेसे विसंगत वागला की तो बाधित ठरविता येतो; सुसंगत वागला तर बाधा खोल गेली आहे असे म्हणता येते. ज्या स्पष्टीकरणाने सर्व काही सिद्ध होते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. कादंबरीत हा अतिरेक निरुपद्रवी असतो, कारण पुढले पुस्तक येऊन तर्कांचा केर काढून टाकते. २०१४ ते २०२० अशी सहा वर्षे या मालिकेत नवी कादंबरी आली नाही, तेव्हा तर्क माजले. २०२० साली दोन कादंबऱ्या आल्या आणि कित्येक तर्क गळून पडले.

६

पण जेथे पुढले पुस्तक यावयाचेच नसते, तेथे काय होते? याचे उत्तर डीलिया बेकन या विदुषीच्या आयुष्यात मिळते. शेक्सपियरची नाटके त्याची नसून फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले आदिकरून थोरांच्या मंडळाने एक निषिद्ध राजकीय तत्त्वज्ञान त्यांत दडवून ठेवले आहे, असा तिचा सिद्धान्त होता. या अमेरिकन स्त्रीची बुद्धी असामान्य होती. शेक्सपियरच्या कबरीत पुरावा असेल या आशेने १८५६ साली तिने स्ट्रॅटफर्डच्या देवळात एक रात्र काढली. पण कबर उघडली नाही. तिचा ग्रंथ १८५७ साली नाथॅनिएल हॉथॉर्नच्या प्रस्तावनेसह निघाला. त्यानंतर तिच्या बुद्धीला भ्रम झाला आणि १८५९ साली तिचा अंत झाला.

तिच्यामागून इग्नेशस डॉनेली याने १८८८ साली शेक्सपियरच्या संहितेत सांकेतिक लिपी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जोसेफ पाइल याने त्याच्याच पद्धतीने डॉनेलीची टवाळी करणारा संदेश त्याच संहितेतून काढून दाखविला. या वादावर शेवटचा शब्द १९५७ साली विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या दांपत्याने उच्चारला. दोघेही सांकेतिक लिपीचे व्यावसायिक तज्ज्ञ. त्यांची कसोटी साधी होती: उकल खरी असेल, तर त्याच नियमांनी दुसरा स्वतंत्र माणूसही त्याच उत्तरावर आला पाहिजे. शेक्सपियरमध्ये काढलेले एकही कूट या कसोटीला उतरले नाही.

मराठी माणसाला असा प्रसंग शोधण्यासाठी दूर जावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले. पण लोकस्मृतीने सूत्रधार निराळा ठरविला: रघुनाथरावांनी गारद्यांना ‘धरावे’ असे लिहिले होते आणि आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला. इतिहासाच्या अभ्यासकांनी या कथेला दंतकथेहून अधिक मान दिलेला नाही. तरी ती म्हण होऊन भाषेत राहिली आहे. तिची मोहिनी कशात आहे? एका अक्षरात सारा कट बसतो, शाईच्या एका फटकाऱ्यात हेतू दिसतो आणि सत्तेसाठी आसुसलेल्या पुरुषाचा अपराध अर्ध्याने कमी होतो. वाड्यातील भाऊबंदकी, गारद्यांची थकबाकी, कारस्थान्यांची गर्दी, हे सारे गोंधळाचे आणि कंटाळवाणे आहे. अक्षर बदलणारा एक हात डोळ्यांपुढे ठेवणे त्याहून पुष्कळ सोपे. पीबॉडीची शाई कादंबरीत होती, कारण कादंबरीकाराने ती तेथे ओतली होती. शनिवारवाड्यातील शाई मागाहून आलेल्या श्रोत्यांनी ओतली.

७

या सर्व उदाहरणांचा निष्कर्ष थोडक्यात असा. कादंबरीत एकच मन सर्व काही रचते. तेथे पडलेला पडदा कोणीतरी पाडलेला असतो, हरवलेले पत्र कोणीतरी हरविलेले असते, आणि म्हणून तेथे संशय हा वाचकाचा हक्क आहे. किंबहुना लेखकाच्या बुद्धीला दिलेला तो मान आहे. डिकन्सच्या वाचकांनी तो दिला, बुचरच्या वाचकांनी दिला. डॉइलसारख्या विसराळू लेखकाबाबत तो खेळापुरता दिला तरी शोभून दिसला. जगाला असा एक रचणारा नाही. येथे पत्र हरवते ते टपालात. विसंगती येते ती थकव्यामुळे. आणि फाईल दोन आठवडे पडून राहते, कारण ती ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी आजारपण असते.

म्हणून कादंबरीचा चौकस वाचक होणे हे उत्तम शिक्षण आहे. मात्र त्याचा धडा पुरा घ्यावयास हवा. अर्धा धडा असा की, प्रत्येक खुणेला अर्थ असतो. हा अर्धाच घेऊन माणूस कचेरीत गेला, तर त्याला भोवताली केवळ पीबॉडी दिसू लागतील. उरलेला अर्धा धडा मॅबच्या आणि स्नेपच्या गोष्टीत आहे. वर्तन बारकाईने पाहूनही हेतूविषयी चूक होते, आणि बहुधा ती चूक समोरच्याला वाईट ठरविण्याच्या दिशेने होते. कादंबरीतील पात्राला लेखक पुढल्या पुस्तकात न्याय देतो. खऱ्या माणसाच्या वाट्याला ते पुढले पुस्तक पुष्कळदा येत नाही. त्याच्या गोपनीय अहवालातील एक ओळच मागे उरते. ती ओळ लिहिणाऱ्याने फ्रीडमन दांपत्याची कसोटी आठवावी: हाच पुरावा हाती देऊन, आपले मत न सांगता, दुसऱ्या कोणाला विचारले असते, तर तो याच निष्कर्षाला आला असता काय?